मोडी कागदांतील सन आणि इब्री अंक

वडूज, औंध, खटाव या बाजूच्या एखाद्या जुन्या घरांत माळ्यावरचा कागदांचा रुमाल सोडून पाहिला, तर त्यांत एखादा मोडी कागद असा निघतो कीं, त्यावर 'सु॥ सबा सबैन मया व अलफ' अशीं अक्षरें असतात. घरांतील एक जण म्हणतो, हा कांहीं मंत्र असावा. दुसरा म्हणतो, हें कोणा जुन्या अंमलदाराचें नांव असेल. दोघांचेंही चुकतें. हे अंक आहेत. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार; आणि 'व' हा तर आपण रोज वापरतों तोच. मिळून सन ११७७.

हा सन कोणता, तें आधीं सांगितलें पाहिजे. याला शुहूर सन म्हणतात. अरबी सन व मृगसाल अशींही त्याचीं नांवें आहेत. हिजरी सनाचें वर्ष चंद्राचें, म्हणजे सुमारें ३५४ दिवसांचें. तें दर वर्षीं अकरा दिवस मागें सरकतें, म्हणून आज पेरणीच्या वेळीं येणारा महिना कांहीं वर्षांनीं सुगीच्या वेळीं येतो. शेतसारा पिकावर घ्यावयाचा, तेव्हां असल्या वर्षानें सरकारचें काम चालेना. म्हणून हिजरी सनाचा आंकडा तसाच धरून वर्ष मात्र सूर्याचें केलें, आणि त्याचा आरंभ मृग नक्षत्रापासून धरला. हिजरी व शुहूर हे दोन्ही आंकडे ७४५ या वर्षीं, म्हणजे इ. स. १३४४ मध्यें जुळतात. त्यावरून त्या सुमारास, महंमद तुघलकाच्या कारकीर्दींत, हा सन सुरू झाला असें इतिहासकार मानतात. पुढें बहामनी, आदिलशाही व निजामशाही राज्यांत तो चालला, आणि शिवाजी महाराजांनीं आपला राज्याभिषेक शक सुरू केल्यावरही मराठी दप्तरांतून तो गेला नाहीं. पेशवाई संपेपर्यंत आमच्या ब्राह्मण कारकुनांनीं, मराठी भाषेंत, मोडी अक्षरांत, अरबी अंकांनीं वर्षें लिहिलीं.

रीत सोपी आहे. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या कागदास शुहूर सनांत ५९९ मिळवावे. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जून १६७४ मध्यें झाला. तें वर्ष 'खमस सबैन व अलफ', म्हणजे १०७५. शाहू महाराज साताऱ्यास डिसेंबर १७४९ मध्यें वारले. तें 'खमसैन मया व अलफ', म्हणजे ११५०. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधली. तिचें वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१. सातारा फेब्रुवारी १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला. तें वर्ष 'समान अशर मयातैन व अलफ', म्हणजे १२१८. वरच्या रुमालांतला सन ११७७ हा इ. स. १७७६-७७ होय.

एक पासून दहापर्यंत हे शब्द असे येतात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, अशर. पुढें वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशीं समानीन, नव्वद तिसैन. शंभर मया, दोनशें मयातैन, हजार अलफ.

हे शब्द पाठ करण्यांत विद्वत्तेची हौस एवढाच हेतु नाहीं. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या मुंबई कायद्यानें रद्द झालीं, तरी जमिनीचे आणि हक्कांचे जुने कागद पुष्कळ घरांनीं जपून ठेवले आहेत, आणि आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचा गांवाशीं असलेला संबंध दाखविणारा दुसरा लेखी पुरावा नसतो. या अंकांत एकं आधीं आणि दहं मागून येतें. 'सबा अर्बैन' म्हणजे सत्तेचाळीस. 'अर्बा सबैन' म्हणजे चौऱ्याहत्तर. घाईनें वाचणाऱ्यानें हें उलटें केलें कीं सत्तावीस वर्षांचा फरक पडला. पणजोबाचा कागद आजोबाचा झाला, आणि त्यांत आलेलें नांव कोणाचें यावर भावाभावांत तंटा उभा राहिला. मया आणि मयातैन यांत घोटाळा झाला तर शंभर वर्षें गेलीं. शिवाय पुष्कळ कारकून शेंकडा व हजार लिहीतच नसत. 'सन सबा सबैन' एवढेंच लिहून मोकळे होत, जसें आपण 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतों. तेथें शतक कोणतें तें कागदांतील माणसांवरून व अक्षराच्या वळणावरून ठरवावें लागतें.

आतां दुसरें पुस्तक उघडूं. उत्पत्ति २३:२ मध्यें सारा जेथें मरण पावली त्या हेब्रोन गांवाचें जुनें नांव किर्याथ-आर्बा असें दिलें आहे. किर्याथ म्हणजे नगर. आर्बा हें यहोशवा १४:१५ प्रमाणें अनाकी लोकांतील एका थोर पुरुषाचें नांव होतें. पण इब्री भाषेंत त्याच शब्दाचा अर्थ 'चार' असा आहे. आणि साताऱ्याच्या मोडी कागदांत चाराला काय म्हणतात? अर्बा. उत्पत्ति २१ मध्यें अब्राहाम सात कोंकरी वेगळ्या काढतो आणि त्या ठिकाणास बैर-शेबा नांव पडतें. बैर म्हणजे विहीर. शेबा या अक्षरांत 'सात' आणि 'शपथ' हे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्या अध्यायांत दोन्ही खेळविले आहेत. मोडींत साताला सबा. इब्रींत शंभर 'मेआ', मोडींत मया. इब्रींत दोनशें 'माताइम', मोडींत मयातैन. इब्रींत हजार 'एलेफ', मोडींत अलफ. ज्या माणसानें कधीं इब्री शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, त्याच्या माळ्यावर मोशेच्या भाषेच्या सख्ख्या बहिणीचे अंक पडून आहेत!

इब्री भाषा मराठी माणसास अगदींच परकी राहिली आहे असें नाहीं. कोंकणांतील बेने-इस्राएल लोक, ज्यांना शनिवारीं घाणा बंद ठेवण्यावरून शनवार तेली म्हणत, मराठी बोलत व प्रार्थना इब्रींत करीत. १८३२ सालीं डॉ. जॉन विल्सन यांनीं मराठींत इब्री व्याकरणाचें पुस्तक काढलें. पंडिता रमाबाई यांनीं केडगांवास मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

अरबी आणि इब्री या दोहोंत इतकें सारखेपण कशानें आलें? एकीनें दुसरीचे अंक उसने घेतले काय? हा प्रश्न घरच्या उदाहरणानें सोडवूं. आपण 'दोन' म्हणतों. बाजारांतला गुजराती व्यापारी 'बे' म्हणतो. एकांत द, दुसऱ्यांत ब. यांचा संबंध काय? पण आपल्याच बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस या शब्दांत दोनाचा अंश म्हणून 'ब' आहे, आणि दुसरा, दुप्पट, दुहेरी यांत 'द' आहे. एकाच घरांत द आणि ब दोन्ही नांदतात, तेव्हां मूळ शब्दांत दोन्हींना जन्म देणारें कांहीं होतें असा तर्क करावा लागतो. संस्कृत 'द्वि' व 'द्वादश' माहीत नसते, तरीही विचारी माणसानें 'द्व' असें मूळ रूप शोधून काढलें असतें. दोन बहिणींच्या चेहऱ्यावरून न पाहिलेल्या आईचा चेहरा काढावा, तशीच ही विद्या आहे. संस्कृत आपल्याजवळ लिहिलेली आहे, म्हणून आपला तर्क पडताळतां येतो. अरबी, इब्री, अरामी, अश्शूरी यांच्या मूळ भाषेचा मात्र एकही लेख उरलेला नाहीं. तिला विद्वान आद्य शेमी भाषा म्हणतात, आणि तिचे शब्द मुलींच्या तोंडावरूनच काढावे लागतात. असा काढलेला शब्द लिहितांना त्यापूर्वीं एक लहान तारा काढतात. म्हणजे वाचणाऱ्यास कळावें कीं हा पाहिलेला नसून अनुमानलेला आहे. ही प्रामाणिकपणाची खूण मला फार आवडते.

उसने घेतलेले अंक कसे दिसतात, तेंही आपल्या गांवांत पाहावयास मिळतें. विटीदांडू खेळतांना मुलें वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी करीत. एक, दोन, तीन यांशीं याचें कांहींएक नातें नाहीं. पण तेलुगूंत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. आणि जत बाजूस कानडी बोलणाऱ्यांकडून मूरु, नाल्कु ऐकूं येतात. तेव्हां खेळाचे अंक दक्षिणेकडचे. ते खेळापुरतेच राहिले. हाटांत किंवा हिशेबांत कोणी 'लेंड रुपये' म्हणत नाहीं. मोडींतील अरबी अंकही असेच सन लिहिण्यापुरते राहिले. परंतु इब्री आणि अरबी यांचें तसें नाहीं. त्यांचे अंक घरादारांत, मोजमापांत, वंशावळींत सर्वत्र आहेत, आणि त्यांच्यांतील फरक नियमानें चालतात. नियम हीच नात्याची साक्ष.

तो नियम आतां पाहूं. येथें थोडें सावकाश वाचावें.

तीन: मोडींत सलास, इब्रींत शालोश. आठ: मोडींत समान, इब्रींत श्मोने. सात: मोडींत सबा, इब्रींत शेबा. वरवर पाहतां नियम सरळ दिसतो कीं, अरबी स तो इब्री श. पण अरामी भाषेस विचारा. दानीएलाच्या पुस्तकाचा बराच भाग अरामींत आहे. दानीएल ३:२४ मध्यें भट्टींत टाकलेल्या तीन पुरुषांविषयीं राजा बोलतो, तेथें तीन याला 'त्लाता' शब्द आहे. अरामी आठ 'त्माने'. म्हणजे तीन आणि आठ यांत अरामीनें त घेतला. पण सात याला अरामींत 'श्बा'. तेथें त नाहीं, श आहे. मग सलासचा स आणि सबाचा स मुळांत एक नसले पाहिजेत. आणि खरोखर अरब मनुष्य ते दोन वेगळे बोलतो. त्याच्या 'थलाथ' व 'थमान' यांच्या आरंभीं दांतांमध्यें जीभ धरून वारा सोडल्यासारखा एक ध्वनि आहे. तो आपल्या 'थ'सारखा आघाताचा नव्हे, पण जवळचें दुसरें अक्षर आपल्याकडे नाहीं. 'सबअ' यांत साधा स आहे. अरबी शब्द आपल्याकडे फारशीच्या वाटेनें आले, आणि फारशी लोकांच्या तोंडीं तो जिभेचा थ व साधा स यांत भेद राहिला नाहीं. म्हणून मोडी कारकुनानें दोन्हींना स लिहिला. इब्रींत दोन्हींचा श झाला. भेद राखला अरबीनें आणि अरामीनें, पण वेगवेगळ्या रीतीनें. दोघी बहिणी वेगळ्या शब्दांत एकच साक्ष देतात, तेव्हां ती खरी मानावी.

या साक्षीस पुढें एक तिसरा साक्षीदार मिळाला. १९२८ मध्यें सिरियाच्या समुद्रकांठीं एका शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ दगडास लागला, आणि त्याखालीं जुनें थडगें निघालें. पुढच्या वर्षापासून फ्रेंच विद्वान क्लोद शेफर यांनीं जवळची रास शामरा ही टेंकडी खणली, तों उगारीत नांवाचें प्राचीन नगर आणि त्याच्या मातीच्या पाट्या सांपडल्या. त्या मोशेच्या काळाच्या आसपासच्या आहेत. त्यांची भाषा इब्रीजवळची. पण तीन आणि आठ यांच्या आरंभीं त्यांत एक अक्षर व सात याला दुसरें अक्षर आहे. पाट्या सांपडण्यापूर्वींच विद्वानांनीं जें अनुमान बांधलें होतें, तें मातींतून बाहेर आलें.

स आणि श यांचा घोटाळा येथें संपत नाहीं. नऊ आणि दहा पाहा. मोडींत तिसा, अशर. इब्रींत तेशा, एसेर. नवांत अरबी स तो इब्री श, आणि दहांत उलट, अरबी श तो इब्री स! एखादा म्हणेल, लिहिणाऱ्यानें अदलाबदल केली. तसें नाहीं. दहा या शब्दांत आणखी एक, तिसराच, जुना ध्वनि होता. जिभेच्या कडेनें वारा सोडून तो बोलत. त्याचा अरबींत श झाला आणि इब्रींत हळूहळू स झाला. दशमांशाला इब्रींत 'माआसेर' म्हणतात व अरबींत 'उश्र'. दोन्ही या दहापासूनच निघालेले. असल्या एका ध्वनीवर माणसांचे जीव गेल्याची गोष्ट शास्ते १२ मध्यें आपण वाचलीच आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक 'शिब्बोलेथ' म्हणावयास सांगत, आणि ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे तो एफ्राईमी ठरे. एकाच राष्ट्राच्या दोन वंशांत, नदीच्या दोन तीरांवर, श आणि स यांत फरक पडला होता. मग दूरच्या राष्ट्रांत तो पडला यांत नवल काय?

सर्वांत गोड उदाहरण सहा या अंकाचें आहे. मोडींत सित, अरबींत सित्त, इब्रींत शेश, अरामींत शित. नबुखद्नेस्सराच्या मूर्तीची उंची साठ हात व रुंदी सहा हात होती असें दानीएल ३:१ सांगतो; तेथें अरामी शब्द 'शित्तीन' आणि 'शित' असे आहेत. आमच्या कारकुनाचे सितैन आणि सित जवळ ठेवून पाहावे. पण यांचें मूळ काय? सित्त घ्यावें, तर इब्रींत शेवटीं श कां? शेश घ्यावें, तर अरबींत त कां? अरबी मनुष्य 'सहावा' म्हणतांना 'सादिस' म्हणतो, आणि 'एक षष्ठांश' म्हणतांना 'सुद्स'. हा मधला द आला कोठून? आपल्या बारा शब्दांत जसा ब लपून राहिला, तसा मूळचा द येथें आडवाटेच्या शब्दांत लपून राहिला आहे. इथिओपियाच्या मंडळीची जुनी भाषा गीझ हिच्यांत सहाला 'सेदेस्तू' म्हणतात. तेथें द उघड आहे. यमन देशांतील, म्हणजे शबाच्या राणीच्या मुलुखाकडील, प्राचीन शिलालेखांत सहा हा शब्द स, द आणि तो जिभेचा थ अशा तीन अक्षरांनीं कोरलेला आढळतो. मग सर्व उलगडा होतो. मूळ शब्द 'शिद्थ' असा कांहीं होता. द आणि थ शेजारीं बोलणें जड. अरबानें दोन्ही मिळून त्त केलें, अरामीनें त केलें, इब्रीनें थ चा नियमाप्रमाणें श केला व द गिळला. कोणीच चुकलें नाहीं. प्रत्येकानें आपल्या घरची रीत पाळली.

दोन हा अंक अधिक हट्टी आहे. अरबी 'इथ्नान', इब्री 'श्नाइम', अश्शूरी 'शिना'. हे तर वरच्या नियमानें बसतात. अरामींत मात्र 'त्रेन'. थ चा त झाला हें ठीक, पण न च्या जागीं र? याचें उत्तर आपल्या सर्वांना पाठ असलेल्या नांवांत आहे. इब्रींत मुलगा 'बेन', म्हणून बन्यामीन. अरामींत मुलगा 'बार', म्हणून शिमोन बार-योना व बार्तीमय. तेथेंही न च्या जागीं र आला आहे. आणि दानीएल ७:५ मध्यें दुसऱ्या श्वापदाला जो 'दुसरा' हा शब्द लावला आहे तो 'तिन्यान' असा आहे. त्यांत न जसाच्या तसा आहे. पुन्हा तीच गोष्ट: मुख्य अंक झिजतो, 'दुसरा', 'सहावा' यांसारखे शब्द जुनें राखतात. गीझ भाषेनें मात्र दोनाकरितां 'केल्ए' हा निराळाच शब्द घेतला; त्याचा अर्थ मुळांत 'दोघेही' असा.

एक याविषयींही असेंच. अरबी 'अहद', इब्री 'एहाद', अरामी 'हद' ही एक जात. पण बाबेल व अश्शूर येथील पाट्यांत एकाला 'इश्तेन' म्हणतात. ती पाट्यांची लिपि एकोणिसाव्या शतकांत उलगडली. आणि १८५७ मध्यें चार विद्वानांनीं एकमेकांस न दाखवितां एकाच लेखाचें भाषांतर करून तें जुळतें असें सिद्ध केलें, तेव्हां कोठें लोकांचा विश्वास बसला. हा 'इश्तेन' इब्रींत मुळींच नाहीं असें वाटेल. परंतु निर्गम २६:७ मध्यें निवासमंडपाच्या अकरा पडद्यांची आज्ञा आहे. तेथें अकरा याला इब्री शब्द 'अश्ते-एस्रे' असा आहे. एसेर म्हणजे दहा. मग 'अश्ते' म्हणजे एकच असला पाहिजे, आणि तो इश्तेनचा भाऊ. एकट्या एकांतून जो शब्द नाहींसा झाला, तो अकरांत बसून राहिला.

मोडी कारकुनाच्या लेखणीकडेही एकदां परत पाहिलें पाहिजे, कारण तिनेंही आपल्या परीनें पुरावा राखला आहे. अर्बा, सबा, तिसा यांच्या शेवटीं आ आहे. खमस, सित, समान यांच्या शेवटीं नाहीं. कां? पहिल्या तीन शब्दांच्या शेवटीं अरबींत 'ऐन' नांवाचें व्यंजन आहे. तें घशाच्या अगदीं तळांतून निघतें, आणि आपल्याला तें बोलतां येत नाहीं. कारकुनानें कानास लागेल तसा त्याचा आ केला. इब्रींतही नेमकें याच तीन अंकांच्या शेवटीं तें व्यंजन आहे. याच कारणानें अर्बैन, सबैन, तिसैन यांत ऐ आला. पण खमसैन आणि सितैन यांत तसें व्यंजन नसतां ऐ कोठून आला? अरबींत ते खम्सीन, सित्तीन असेच आहेत. शेजारच्या अर्बैन व सबैन यांच्या ओढीनें कारकुनांच्या तोंडीं ते बदलले असावेत असें दिसतें. अंक हे ओळीनें म्हणावयाचे शब्द असल्यामुळें एक दुसऱ्यास आपल्यासारखा करतो. पाढे म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडून हें कोणीही ऐकावें. अश्शूरी भाषेंत सात 'सेबे' व आठ 'समाने' हे दोन्ही अपेक्षित श सोडून स नें सुरू होतात. ते शेजारी आहेत, हें लक्षांत ठेवावें.

सलासीन, समानीन यांतील शेवटचा 'ईन' हें अनेकवचन आहे. इब्रींत त्याच्या जागीं 'ईम' येतो: श्लोशीम म्हणजे तीस. करूबीम, सराफीम या शब्दांत तोच प्रत्यय आहे. म्हणजे तीस म्हणजे 'पुष्कळ तीन'. पण वीस म्हणजे 'पुष्कळ दहा' कसे? वीस तर दोनच दहा. अश्शूरी 'एश्रा' आणि गीझ 'एस्रा' यांच्या शेवटीं जो आ आहे, तो द्विवचनाचा; म्हणून मूळ अर्थ 'दोन दहा' असाच होता, आणि त्या वीसाच्या वळणावर पुढचे दहं बनले. इब्री व अरबी यांनीं मागाहून सर्वांना अनेकवचनाचें रूप दिलें. मयातैन आणि माताइम यांत मात्र द्विवचन अजून जिवंत आहे.

येथें शिक्षकांना एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. ध्वनि जुळला कीं नातें जुळलें असें समजूं नये. 'शब्बाथ सातव्या दिवशीं येतो, म्हणून त्याचें नांव सात यावरून पडलें,' असें कित्येकदां सांगितलें जातें. इब्रींत सात याच्या शेवटीं तें घशाचें ऐन आहे. शब्बाथ याच्या शेवटीं त आहे. दोन वेगळे धातु आहेत, आणि शब्बाथ याचा अर्थ थांबणें, विसावणें असा आहे, जसें उत्पत्ति २:२-३ मध्यें येतें. बैर-शेबा आणि शबाची राणी यांतील शेबा व शबा हेही इब्रींत वेगळ्या अक्षरांचे आहेत. तसेंच कोणी म्हणतो, आपला 'सप्त' आणि त्यांचा 'सबअ', आपला 'षट्' आणि त्यांचा 'शेश', तेव्हां संस्कृत व इब्री एकच. मग तीन आणि शालोश, चार आणि अर्बा, पांच आणि हामेश, आठ आणि श्मोने, नऊ आणि तेशा यांचें काय करावें? साताविषयीं फार पुरातन काळीं एका कुळांतून दुसऱ्यांत शब्द गेला असेल असा तर्क कांहीं विद्वानांनीं केला आहे. पण एका उसन्या पायलीवरून दोन घरें एक होत नाहींत.

याउलट, जेथें कोणास संशयही येणार नाहीं तेथें खरें नातें सांपडतें. आपण एखाद्या सरळ, निष्कपट माणसास सालस म्हणतों. हा शब्द अरबी 'थालिथ', फारशी उच्चारानें 'सालिस', म्हणजे 'तिसरा', यापासून आला आहे. दोघांच्या तंट्यांत जो कोणाच्याच बाजूचा नाहीं तो तिसरा, तो निवाडा करणारा सालस. वरच्या रुमालांतील 'सलास' आणि शेजारच्या घरांतला सालस मनुष्य हे एकाच मुळाचे. एखाद्या कागदांत सलास, सलासीन वाचतांना अडखळला, तर त्या शेजाऱ्याची आठवण करावी. आंकडा तीनाचा आहे हें विसरणार नाहीं.